आळणी

अकरा वाजून गेले, झोप नाही. शाळेतल्या बाईंचं वाक्य डोक्यातून जात नाही.

"अगं, चव काय, शेवटी मसाल्याचीच."

एवढंच म्हणाल्या. टोचून नाही, पिशवी या हातातून त्या हातात घेताना सहज. तुझी गावरान कोंबडी चांगली असते गं, पण सहा शिट्ट्या झाल्या तरी तंगडी शिजत नाही, नातवंडं ताटात तशीच ठेवतात, आता मी डीपीच नेते. आणि पलीकडच्या पिंजऱ्यातली डीपी, म्हणजे दिसायला गावरानसारखी पण फार्मवर वाढवलेली संकरित कोंबडी, घेऊन मुलाण्याकडे गेल्यासुद्धा. अमावास्या तोंडावर आलेली, आखाडातला शनिवार, काष्टीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. माझं डालगं दुपारीच निम्मं रिकामं झालं. म्हणजे धंदा वाईट झाला असंही नाही. मग एवढं लागलं काय?

ज्यांनी हाताला धरून बाराखडी गिरवून घेतली त्यांना उलट बोलता येत नाही, ते एक आहेच. ते सोडा.

ब्रॉयलर 40-45 दिवसांत 2 किलोला येतो. डीपीला अडीच-तीन महिने पुरतात. माझी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, सव्वा किलो भरायला सहा महिने खाते. आधी खुडूक कोंबडी 21 दिवस अंड्यांवर बसणार, मग पिल्लांच्या डोळ्यांत लासोटा लसीचे थेंब, मग घार, मग मुंगूस. एवढ्यातून निभावली आणि मानमोडीची साथ आली, तर सगळं खुराडं रिकामं. सहा महिने उकिरडा उकरत, पळत, भांडत फिरलेली तंगडी ती, शिजायला वेळ घेणारच. लोकांना नाव गावरान पाहिजे आणि मांस ब्रॉयलरचं. पिसं फुंकून कातडीचा पिवळेपणा बघतात, चरबी चाचपतात, भाव पाडतात, आणि घरी जाऊन कुकर लावतात! चुलीवर मंद आचेवर ठेवा ना तास-दीड तास. पण बाईंच्या फ्लॅटात चूल कुठून येणार, हेही कळतं मला.

काय बोलायला हवं होतं ते आत्ता सुचतंय. बाई, आधी आळणी करून बघा. हळद, मीठ, आलं-लसूण, बस्स. मसाला पडायच्या आधीचं पाणी वाटीत घ्या, शेजारी डीपीचं ठेवा, आणि मग सांगा चव कुणाची. भाकरी थापताना हे मी बोलून घेतलं, भांडी घासताना पुन्हा बोलले. दर वेळी बाई गप्प होतात. खऱ्या बाई गप्प झालेल्या मी चौथीपर्यंत एकदाही पाहिल्या नाहीत.

यांना सांगितलं तर म्हणाले, आपणही आणू की शंभर डीपी. मी काही बोलले नाही. आबा असते तर त्यांनी... जाऊ दे.

आत्याबाईंचं वेगळंच. "बरोबर बोलल्या मास्तरीणबाई," म्हणाल्या. तरी म्हटलं, एवढ्या खूश का? लिहायचं राहिलंच, जाता जाता बाईंनी आमच्या पाटीतला काळा मसाला अर्धा किलो नेला. आत्याबाईंनी उन्हाळ्यात स्वतः भाजून, डंकावर पुढ्यात बसून कुटून घेतलेला. जेवताना दोनदा विचारलं मला, "काय म्हणाल्या गं बाई? परत सांग." मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना मलाच हसू फुटलं. दिवसभर जे वाक्य मला सलतंय, त्यावर या एक भाकरी जास्त जेवल्या.

आणि हिशोब मांडला तर त्यांचंच खरं निघणार. श्रावण लागला की गणपती जाईपर्यंत कोंबडीला फारसं कुणी विचारत नाही, दाणे मात्र रोज टाकावे लागतात. मसाला श्रावणातही खपतो, आमटीला लागतो, वांग्याला लागतो. म्हणजे माझ्या कोंबड्यांची बाजरी आता आत्याबाईंच्या मसाल्यावर येणार.

तोवर दोघी खुडूक आहेत, त्यांना अंड्यांवर बसवून घेते. पुढच्या बाजारी मसाल्याच्या पिशव्या पुढे आणि डालगं मागे, असं आत्याबाईंनी ठरवूनही टाकलंय. मांडू देत. भाव मात्र कोंबडीचा पाडणार नाही, बाईंसाठीसुद्धा नाही.