बसलीच आहेस तर…

डिसेंबरच्या मंथली मीटिंगमध्ये, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, माझ्या लक्षात आलं की टेबलावरच्या पाण्याच्या एकाही बाटलीला लेबल उरलेलं नाही.

अकरा माणसं, अकरा बाटल्या, सगळ्या बोडक्या. माझी मीच सोलली होती. ती माझी जुनी खोड आहे. आधी नखाने एक कोपरा उचकटायचा, मग न फाटता अख्खं लेबल काढायचं. जमलं तर दिवस बरा जातो. पण इतरांचंही तेच चाललं असेल हे इतक्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं. स्टोअरवाल्या काकांनी लेबलाची सुरळी करून ती कानाजवळ नेली होती, पुढचं मी बघितलं नाही. पर्चेसवाल्या भाईंची होडी तयार होती. डिस्पॅचमधला नवा मुलगा लेबलाचे बारीक तुकडे करून त्यांची नीट रास लावत होता, रांगोळी घालायला बसल्यासारखा. पडद्यावर २७वी स्लाइड होती आणि साहेब निळ्या-हिरव्या खांबांकडे बोट दाखवत होते. शेवटी ते वळले, हात चोळले आणि म्हणाले, "सो? एनी क्वेश्चन?"

ए.सी.चा आवाज ऐकू आला.

"ना ना साहेब, बराबर छे," भाई होडीला म्हणाले.

मीटिंग संपली. पाचव्या मिनिटाला हीच अकरा माणसं चहाच्या मशीनपाशी अशी काही बोलत होती की मशीन दुरुस्त करायला आलेला माणूस स्क्रू हातात धरून ऐकत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसचा मेल आला. टीम मीटिंग अधिक इंटरॅक्टिव्ह आणि एंगेजिंग कशी करता येईल, सूचना पाठवा, शुक्रवारपर्यंत. माझ्या मराठीत एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा. त्यात इंटरॅक्टिव्ह काही असतं, असं निदान आमच्या वेळी तरी कुणी कळू दिलं नव्हतं.

तसे प्रयोग आम्ही करून चुकलो आहोत. उभ्याने मीटिंग घेऊन झाली. सॉफ्टवेअरवाले रोज सकाळी १५ मिनिटं तशी घेतात. इंग्लंडच्या राजाची प्रिव्ही कौन्सिल तर आजही उभ्यानेच भरते. आमचे स्टोअरवाले काका दुसऱ्या दिवसापासून स्टूल घेऊन यायला लागले, आणि एकाने स्टूल आणलं की उभं राहणाऱ्या बाकीच्यांची शिपाई असल्यासारखी अवस्था होते. मग आइसब्रेकर झाला. प्रत्येकाने स्वतःबद्दल दोन खऱ्या गोष्टी सांगायच्या आणि एक खोटी, बाकीच्यांनी खोटी ओळखायची. पर्चेसवाल्या भाईंनी तिन्ही खोट्या सांगितल्या. हाताला सवयच ती.

ब्रेनस्टॉर्मिंगही झालं. ॲलेक्स ऑस्बॉर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने १९४०च्या दशकात ते रुजवलं: सगळ्यांनी एकत्र बसायचं, मनात येईल ते बोलायचं, कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत. १९५८ साली येल विद्यापीठातल्या तिघांनी ते पारखून पाहिलं. चौघांना एकत्र बसवून जेवढ्या कल्पना निघाल्या, त्याच्या जवळजवळ दुप्पट चौघांना वेगवेगळं बसवल्यावर निघाल्या. पुढे जर्मनीतल्या दोघांनी त्याचं कारण शोधलं, ते मला फार आवडलं. एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात, आणि थांबता थांबता काय बोलायचं होतं तेच विसरतात. आमच्या मीटिंगमध्ये मी नेमकी हीच आहे.

कागदावर लिहायचीही एक रीत आहे. सहा जणांनी बसायचं, पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहायच्या, कागद शेजाऱ्याकडे द्यायचा. अर्ध्या तासात १०८ होतात, जपमाळेइतक्या. आमच्या १०८ झाल्या. त्यातल्या चाळीसेक चहाबद्दल होत्या.

मेल वाचत असताना माझ्या अंगठ्याच्या नखात लेबलाचा डिंक अडकला होता. तो काढता काढता मला पापडीची शेंग आठवली.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात दिवाणखान्यात पितळी कड्यांचा झोपाळा होता. त्यावर आजी. अंगठ्याने जमिनीला जरासा रेटा द्यायची आणि मांडीवरची परात सांभाळायची. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दोन दिवस आधी आमच्याकडे ऊंधियूची, त्या शेंगा-भाज्यांच्या गुजराती मिसळीची, तयारी सुरू व्हायची. तिळगूळ आणि गुळाची पोळी होत्याच, त्या सोडायला आम्ही काही बाटलो नव्हतो. पण बडोद्यात राहून संक्रांतीला ऊंधियू नाही म्हणजे गच्चीवर जाऊन पतंग न उडवण्यासारखं. पंचवीस माणसांचा ऊंधियू, म्हणजे जमिनीवर गुजराती वर्तमानपत्रं अंथरून त्यावर डोंगरच्या डोंगर: पापडी, तुरीच्या शेंगा, मटार. कुणी नुसतं खोलीतून जायला लागलं तरी आजी म्हणायची, "बसतोयस ना? बसलाच आहेस तर एवढं घे." तो बसलेला नसायचा. मग बसायचा.

यात बढती असायची. लहान मुलांना मटार, कारण निम्मे पोटात गेले तरी हरकत नाही. चौथी-पाचवीत तूर मिळायची. तुरीच्या शेंगेला नख लावलं की अंगठा आठवडाभर हिरवा-काळा राहायचा, तो आम्ही शाळेत मिरवायचो. पापडी मात्र मोठ्यांची. दोन्ही कडांच्या शिरा ओढायच्या, शेंग उघडायची, उजेडाकडे धरून अळी आहे का बघायचं. कोवळी असेल तर सालासकट ठेवायची, जून असेल तर नुसते दाणे. मला पापडी मिळाली तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर ऑफिसात तीन प्रमोशन झाली, तेवढी ताठ मी पुन्हा चालले नाही.

आणि बोलणं! एका वेळी एकाने बोलायचं वगैरे नियम नव्हता. चार विषय एकदम चालायचे आणि प्रत्येकाला चारही कळायचे. कुणी कुणाकडे बघत नसे, बघायला डोळे मोकळेच नसत. माझ्या चुलतभावाने गणितात नापास झाल्याची बातमी तिथेच फोडली. वर्षभर ज्या काकांना घाबरून तो प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी ठेवायचा, ते काका त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ती शेंग टाक, अळी आहे." एवढंच. पुन्हा विषय निघाला तो एप्रिलमध्ये, शिकवणी लावताना.

आजी आम्हाला माणभट्टाच्या आख्यानालाही न्यायची. समोर तांब्याचा मोठा घडा, तोच 'माण', आणि भट्टाच्या बोटांत अंगठ्या. घड्यावर बोटं टणटण वाजत राहायची आणि तोंडाने गोष्ट चालायची, आपल्या बडोद्याच्याच प्रेमानंदाची, सतराव्या शतकातली. आजीला त्यातलं जुनं गुजराती अर्धंच कळायचं. "पण हात बघ त्याचे," म्हणायची. बोटं थांबली की गोष्टही अडेल, अशी मला धास्ती वाटायची. ती धास्ती अजून गेलेली नाही.

मी चौथीत असतानाची संक्रांत. तूर नुकतीच हातात आलेली. धाकटी आत्या माहेरी आली होती, सणाला आली असंच आम्हा मुलांना वाटत होतं. दुपारची वेळ, सगळे बसलेले, काका स्कूटर विकायची की ठेवायची यावर बोलत होते. मध्येच आत्या, मान खाली, शेंगेला नख लावता लावता म्हणाली, "मी आता परत जाणार नाहीये."

कुणी मान वर केली नाही. कुणाचे हात थांबले नाहीत. काकांनी स्कूटरचं वाक्यसुद्धा पुरं केलं, फक्त हळू आवाजात. आजी झोपाळ्यावरून उतरली, आत्याशेजारी फतकल मारून बसली आणि आपल्या परातीतल्या शेंगा तिच्या पुढ्यात ओतल्या. मग आत्या बोलायला लागली. अंधार पडेपर्यंत बोलत होती. आम्हाला मधूनच पतंगाला कन्नी बांधायला गच्चीवर पिटाळलं, त्यामुळे सगळं मी ऐकलं नाही. नंतर तिने बी.एड. केलं, नोकरी धरली, मांजलपूरला स्वतःचं घर घेतलं. त्या वर्षीचा ऊंधियू कसा झाला होता ते मात्र कुणालाच आठवत नाही, मी विचारून पाहिलं आहे.

शुक्रवारपर्यंत मी काही सूचना पाठवली नाही. जानेवारीच्या मीटिंगच्या दिवशी सकाळी खंडेराव मार्केटात गेले. (त्या देखण्या इमारतीत पुढे महानगरपालिकेची कचेरी आणि मागे भाजीबाजार. शहराचा कारभार कुठल्या बाजूने चालतो यावर आमच्या वडिलांचं ठाम मत होतं.) चार किलो पापडी घेतली आणि दोन किलो तूर. कँटीनच्या महाराजांशी बोलणं झालेलं होतं: दाणे आम्ही देऊ, ऊंधियू तुम्ही करा. मीटिंग रूममधल्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली.

"बेन, आ शुं छे?" साहेबांनी विचारलं.

"उत्तरायण छे, साहेब."

पहिल्या दोन स्लाइडपर्यंत सगळे संकोचून बसले होते. मग स्टोअरवाल्या काकांचा हात आपोआप पुढे गेला. भाईंनी तूर ओढली. सहाव्या स्लाइडला साहेबही बसले आणि त्यांनी एक पापडी उचलली. त्यांना शीर काढता येत नव्हती. काकांनी त्यांच्या हातातून शेंग काढून घेतली, "एम नहीं" म्हणत शीर ओढून दाखवली आणि दुसरी त्यांच्या हातात दिली. माझ्या १९ वर्षांच्या नोकरीत काकांनी कुठल्याही साहेबाच्या हातातून काही काढून घेतलेलं मी पाहिलेलं नव्हतं. पडदा चालूच होता, पण आता त्याच्याकडे कुणाची पाठ होती, कुणाचा खांदा. भाईंनी कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, उशिरा का येतात ते सांगितलं, आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. अकाउंट्समधली मुलगी त्यांना अडवत बोलत होती. एकाच वेळी तीन विषय चालले होते. चार नव्हे, पण तीन.

तेवढ्यात डिस्पॅचमधला मुलगा म्हणाला, "त्रण नंबरनी चेन सरके छे." मग, आणखी हळू, "बे वखत सरकी. नीचे कोई नहोतुं."

तीन नंबरच्या होइस्टच्या साखळीवर आम्ही दीड-दीड टनाचे व्हॉल्व्ह उचलतो.

सगळ्यांचे हात थांबले. अकरा माणसं त्याच्याकडे बघायला लागली. साहेब उभेच राहिले. "क्यारे? कोने कह्युं? लेखी केम नथी आप्युं?" मुलगा लाल झाला. त्याला अजून काही सांगायचं होतं, त्याचे ओठ हलले होते, मी बघितलं. पण त्याने हातातली शेंग खाली ठेवली आणि म्हणाला, "बस, एटलुं ज."

आजी असती तर तिने त्या खोलीतल्या एकेकाला काय म्हटलं असतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साखळी दुसऱ्याच दिवशी बदलली, हे खरं. ऊंधियू फक्कड झाला, तेल जरा जास्त. साहेबांनी मला या पद्धतीवर हेड ऑफिससाठी एक प्रेझेंटेशन करायला सांगितलं आहे. माणशी किती ग्रॅम पापडी, वर्तमानपत्राचा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा, असं तीन स्लाइडपर्यंत मी आले आहे. चौथी सुचत नाही.

फेब्रुवारीची मीटिंग ऑनलाइन झाली. सगळ्यांचे कॅमेरे बंद होते, कोण काय सोलत होतं देव जाणे. मार्चमध्ये पापडी जून होऊन जाते, तूर संपते, मटाराला चव राहत नाही. काकांनी लसूण सुचवला होता, पण बंद खोलीत, ए.सी. लावून, अकरा जणांनी लसूण सोलायचा म्हणजे पुढच्या आठवड्यात ग्राहक त्याच खोलीत येऊन बसणार. चिंचा फोडायच्या तर एप्रिल उजाडतो, आणि एप्रिलमध्ये ऑडिट. मार्चमध्ये सोलण्यासारखं काही म्हणजे काही नसतं.

तेव्हा मार्चला पुन्हा बाटल्याच होत्या. ३१ स्लाइड झाल्या. साहेब वळले, हात चोळले, "सो? एनी क्वेश्चन?" म्हणाले.

समोर बसलेल्या डिस्पॅचच्या मुलाची बाटली सोलून संपली होती. त्याची बोटं टेबलावर नुसतीच फिरत होती. मी माझी बाटली, अजून लेबल असलेली, त्याच्या पुढ्यात सरकवली आणि पडद्याकडे बघायला लागले.