लिंपलेली देवळी

आमचा वाडा पाडायचा नव्हता, वाचवायचा होता. पण वाचवण्यासाठी आधी पुष्कळ पाडावे लागते, हे गेल्या उन्हाळ्यात कळले. सारंगखेड्यापासून फार लांब नसलेल्या तापीकाठच्या गावातले हे धाब्याचे घर. पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंती, सागाचे खांब, कड्यांवर फळ्या, त्यांवर निंबाचा पाला आणि सगळ्यांच्या वर खाऱ्या मातीचा जाड थर. हा थर दर वर्षी मृगाच्या आधी नवा घालावा लागतो. आम्ही सगळे नोकरीपायी शहरात, त्यामुळे काही वर्षे धाब्यावर कोणी चढलेच नाही आणि ओल थेट तुळईत उतरली.

मधल्या घराची भिंत खरवडताना गवंडी थांबला. त्याने थापीच्या दांड्याने दोन-तीनदा ठोकून पाहिले आणि म्हणाला, “भाऊ, आठे भीत पोकय शे.” इथे भिंत पोकळ आहे.

जुन्या घरात हे वाक्य मोठ्याने उच्चारू नये. अर्ध्या तासात ओसरीवर गल्ली जमली आणि कोणीतरी नारळही घेऊन आले. दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, असा 1878 चा कायदा आहे, हे मी सांगून पाहिले. त्याने लोकांचा उत्साह उलट वाढला. पहिल्या पोकळीतून सुतळीचे तुकडे, दोन सुपाऱ्या, एक पाटीवरची पेन्सिल आणि कुरतडलेले पंचांग निघाले. ते उंदरांचे गुप्तधन होते.

खरी देवळी, म्हणजे भिंतीतला कोनाडा, त्याच्या हातभर वर होती. तिच्या तोंडाशी कच्च्या विटा लावून वरून लिंपलेले होते. गवंड्याला बाजूला करून मी स्वतः चाकूने पापुद्रे काढत गेलो. आधी अलीकडचा डिस्टेंपर, मग नीळ घातलेला चुना, मग पुन्हा चुना आणि शेवटी शेणामातीचे लिंपण. त्या लिंपणावर बोटे फिरवल्याच्या अर्धगोल रेघा जशाच्या तशा होत्या, एका मोठ्या बाईच्या हाताच्या, एकसारख्या आणि सवयीच्या. उजव्या कोपऱ्यात मात्र वीतभर जागेतल्या रेघा बारीक आणि वेड्यावाकड्या होत्या. तिथे माती कमी पडली असेल, एवढेच तेव्हा मनात आले.

आत लुगड्याच्या काठात गुंडाळलेला पितळी करंडा होता आणि दोऱ्यात ओवलेले छिद्राचे पैसे होते. 1943 ते 1947 या काळातला हा पैसा. युद्धात धातूची टंचाई झाली म्हणून सरकारने मधोमध भोक पाडून धातू वाचवला. पुढे लोकांनी त्याचे वॉशरही केले. मी मोजले, तर 31 भरले. चार पैशांचा आणा, म्हणजे सात आणे तीन पैसे. जमलेली गल्ली निमूटपणे घरी गेली. मला मात्र तो आकडा खटकत राहिला, कारण इतक्या निगुतीने साठवणारी बाई असा अर्धवट हिशेब ठेवून देवळी बंद करणार नाही.

आजोबांचे सगळे माळ्यावर होते. खतावण्या, सारा भरल्याच्या पावत्या, भाऊबंदकीच्या दाव्याचे कागद, आणि हे सगळे लाल रुमालात बांधलेले. वि. का. राजवाडे (1863–1926) जुन्या घरांतून असेच कागद गोळा करीत हिंडले, धुळ्यातच त्यांनी देह ठेवला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. त्या दप्तरांवरून घराण्यांचा इतिहास लिहिता येतो. आजीला अक्षर येत नव्हते. पेटीच्या किल्ल्या आजोबांच्या जानव्याला, धान्याच्या कोठीची किल्ली सासूच्या कमरेला. पण दर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सबंध घराच्या भिंती लिंपायचे काम तिचे होते, आणि त्या दिवशी कोणत्या देवळीचे तोंड बंद झाले हे बघायला घरातला एकही पुरुष फिरकत नसे. पुरुष जमिनीत पुरतात आणि बायका भिंतीत ठेवतात, असे मला वाटू लागले आहे. भिंत तिच्या हाताखालची असते.

आखाजीला फुई, म्हणजे माझी आत्या, माहेरी आली. सत्त्याऐंशी वर्षांची आहे, काठी टेकत आली आणि पाणी पिण्याआधी भिंतीपाशी गेली. मी पैशांचा दोरा तिच्या हातात दिला. तिने तो गुडघ्यावर ठेवला आणि जपमाळ ओढावी तसा एकेक पैसा अंगठ्याने सरकवत गेली.

“एक कमी शे,” ती म्हणाली.

“एकतीसच निघाले, फुई.”

“बत्तीस व्हतात. आठ आणा.” मग ती हसू लागली. देवळी बंद करायच्या दिवशी माती मळून द्यायला तीच आजीच्या हाताशी होती म्हणे. आजी पाण्याला गेली तेवढ्यात हिने ओल्या लिंपणातून हात घातला, दोऱ्याची गाठ सोडून पुन्हा मारली आणि कोपरा आपल्या हाताने सारखा केला. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या जत्रेत त्या पैशाच्या रेवड्या आल्या.

खाली पडलेला लिंपणाचा तो कोपरा मी जपून ठेवला होता. फुईने तो उचलून डोळ्यांजवळ नेला आणि त्यावरच्या बारीक रेघांतून बोट फिरवून पाहिले. बोट आता मावत नव्हते.

“मायले कळनं नही,” ती म्हणाली.