गाडी उचलून नेलेली नाही

आधी एवढं सांगून टाकते: गाडी उचलून नेलेली नाही. हप्ते थकलेले नाहीत. ह्यांचं आणि माझं भांडण नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, नवसही बोललेला नाही. "अजून सायकलच? मग ती पेपरातली गाडी काय झाली?" हे मला पंपावर हवा भरायला गेले तेव्हा विचारून झालं, हळदीकुंकवात वाण हातात ठेवता ठेवता विचारून झालं, आणि एकदा तर तेराव्याच्या जेवणाला, पानावर बसल्यावर, शेजारच्या काकूंनी भाजी वाढून घेता घेता विचारलं. दर वेळी मी हसून "चाललंय" म्हटलं. त्या "चाललंय"चा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला आणि प्रकरण आता जप्तीपर्यंत पोचलंय. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच.

मी पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते. दुचाकीची प्रकरणं माझ्याकडे. म्हणजे दिवसभर लोकांना गाड्या घेऊन द्यायच्या आणि संध्याकाळी आपण सायकलचं कुलूप काढायचं. यातला विनोद मला कळत नाही असं समजू नका. अर्ज भरायला आलेलं पोरगं खिडकीतून सायकल बघतं, मग माझ्याकडे बघतं, आणि व्याजाचा दर पुन्हा एकदा विचारतं.

दराचा हिशेब मला झोपेतून उठवून विचारा. एक लाख रुपये, 11 टक्के, 36 हप्ते: महिन्याला 3,274 रुपये, तीन वर्षांत व्याजच 17,800च्या वर. शिवाय विमा, आरटीओ, आरसीवर संस्थेचा बोजा, दोन जामीनदार. पण म्हणून मी गाडी घेत नाही, असंही नाही. पैसे नव्हते तो एक काळ होता, नाही म्हणत नाही. आता हप्ता जमेल. "परवडत नसेल बिचारीला" म्हणणाऱ्यांनी माझी पगाराची स्लिप बघावी. किंवा नको, बघू नये.

सकाळी फणसोपहून, म्हणजे घरून, रत्नागिरीला ऑफिसला निघालं की आधी उतार. तिथे पायडल मारायचं काम नाही, दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवायची आणि कान उघडे. मार्च-एप्रिलात काजूच्या बोंडांचा आंबूस वास, पुढे कोणाच्या तरी चुलीचा धूर, खाली भाट्याला सुरूच्या बनातून येणारा खारा वास. हे स्कूटरवरून मिळत नाही असा माझा दावा नाही. स्कूटरवाल्यांनाही नाक आहे. पण ते थांबत नाहीत. झरी विनायकाला चालत्या सायकलवरून एक हात करायचा, नारळ संशोधन केंद्राच्या माडांकडे बघत पुढे जायचं, आणि मग पूल.

भाट्याच्या पुलावर वाऱ्याची एक गंमत आहे, ती गाडीवाल्यांना सांगून पटत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, मतलई. मी तेव्हा उत्तरेला, रत्नागिरीकडे चाललेली असते, म्हणून तो उजव्या कानात. संध्याकाळी वारा फिरतो, समुद्राकडून खारा वारा सुटतो. पण तेव्हा मी दक्षिणेला तोंड करून घरी चाललेली असते, म्हणून तोही उजव्याच कानात. डावा कान आयुष्यभर कोरडा. पावसाळ्यात मात्र हा हिशेब मोडतो. वारा दोन्ही वेळा समुद्राकडूनच, आणि असा की रेनकोटची टोपी एका बाजूला ओढून धरत, सायकल वाऱ्यावर कलती ठेवून पूल काढावा लागतो. समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर काच खाली करून "मॅडम, येऊ दे का दोर?" असं काहीतरी ओरडतो. त्याने विचारलेलं मला आवडतं. तो उत्तरासाठी थांबत नाही.

परतीच्या वाटेवर मासे. सायकलवालीकडे पैसे नसणार, हा मासेवालीचा ठाम समज आहे. स्कूटरवरून उतरलेल्या बाईला बांगड्याचा एक वाटा ज्या भावात, त्याच भावात मला वर दोन बांगडे, "घे गो, पोरांना" म्हणून. मला एकच मुलगा, तोही पुण्यात शिकतो. हा समज मी कधी दूर केलेला नाही आणि करणारही नाही.

याच रस्त्यावरून दिवाळीनंतर मुंबई-पुण्याचे सायकलवाले जातात. रेवस–रेड्डी सागरी रस्ता धरून गोव्याकडे निघालेले: डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना रंगीत चष्मे, अंगाला चिकटलेले कपडे. एकेकाची सायकल माझ्या टेबलावरच्या कुठल्याही स्कूटरपेक्षा महाग. त्यांना आमचे लोक पाणी देतात, फोटो काढतात, पावसला जेवण कुठे चांगलं मिळेल ते सांगतात. "काय स्टॅमिना!" म्हणतात. त्याच लोकांनी त्याच तिठ्यावर पाच मिनिटांपूर्वी मला विचारलेलं असतं, "अजून सायकलच?" एकदा त्यांतली एक मुलगी घाटीत माझ्याबरोबरीने चढत होती. "आंटी, रोज किती करता?" म्हणाली. मी म्हटलं, "ऑफिसपर्यंत." तिला ते फार आवडलं. का, ते मला कळलं नाही.

माझी सायकल ॲटलस. 3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं, मिऱ्याच्या किनाऱ्याला जहाज येऊन लागलं, आणि आमच्या दारातला शेवगा सायकलवर आडवा झाला. मागचं मडगार्ड चेपलं, स्पोका वाकल्या, बाकी शाबूत. बरेच दिवस लाइट नव्हती, मोबाइल बंद. नंतर रिमचा आउट काढायला गेले तेव्हा सायकलवाल्याने सांगितलं की त्याच तारखेला ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. आणि तारीख कोणती, तर जागतिक सायकल दिन. "वहिनी, तुमची सायकल अनाथ झाली," तो म्हणाला, आणि माझ्याकडून आउट काढण्याचे पैसे मात्र पुरे घेतले.

तर मुद्दा, गाडी का नाही. याला मी आजवर निरनिराळी उत्तरं दिली आहेत, आणि ती देणारी ती बाई आता समोर आली तर मी तिच्याशी भांडेन. आधी ती "पेट्रोल केवढं महाग" म्हणायची. मग वजन कमी होतं म्हणायला लागली; झालं नाही. मग प्रदूषण. घरात ह्यांची मोटारसायकल रोज मिरजोळ्याला एमआयडीसीत जाते, धूर काढत, त्याबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही. ही सगळी उत्तरं समोरच्याला गप्प करण्यापुरती होती.

खरं उत्तर जरा आपमतलबी आहे. स्कूटर बाईची कधीच नसते. माझ्या टेबलावरून नेलेल्या गाड्यांचं पुढे काय होतं ते मी बघते. गाडी सुनेच्या नावावर, हप्ता तिच्या पगारातून, आणि त्या गाडीवरून सासऱ्यांचा दवाखाना, पुतण्याचा क्लास, रेशन, नणंदेला स्टेशनवरून आणणं. "जातच आहेस तर" या तीन शब्दांवर ती गाडी चालते, पेट्रोल नंतर. माझ्या सायकलला कॅरिअर आहे, पण त्यावर बसायला कोणी तयार नाही. कोणी ती मागत नाही. कोणी म्हणत नाही, जातच आहेस तर मला सोड. घर आणि ऑफिस यांच्या मधला तो अर्धा-पाऊण तास मी कोणाच्याही कामाची नसते. हे बोलून दाखवलं की घरातले दुखावतात, म्हणून पेट्रोल सांगायचं.

आता तो फोटो.

दसऱ्याच्या आधी संस्थेने दुचाकी कर्ज मेळावा ठेवला होता. ऑफिससमोर मांडव, डीलरने आणून लावलेल्या नव्या गाड्या, हँडलला झेंडू, सीटवर अजून प्लास्टिक. आम्ही बायका संस्थेच्या मोरपंखी साडीत. साडी नेसून सायकल चालवता येते; निऱ्या जरा वर खोचायच्या, मागच्या चाकाला जाळी आहेच. मी नेहमीसारखी आले आणि सायकल भिंतीला लावली. एक संचालक मांडवात खुर्च्यांच्या रांगा बघत होते. त्यांनी आधी सायकल बघितली, मग मला.

"मॅडम, ही मागे ठेवा. फोटोत येते."

मागे म्हणजे जनरेटरची खोली आणि बाथरूम यांच्यामधली बोळ. ठेवली. ते रागावून बोलले असते तर मीही दोन शब्द बोलले असते. पण ते रागावले नव्हते. मांडवात कुत्रं शिरलं की "हाकला रे त्याला" म्हणतात, तितक्या सहज बोलले आणि पुन्हा खुर्च्यांकडे वळले.

मग भाषणं. दोन भाषणं सरकारी थाटाची झाली, लोक चुळबुळायला लागले, तसा त्याच संचालकांनी माइक घेतला. "अहो, आमच्या कर्ज विभागाच्या मॅडमच सायकलवर येतात! आधी त्यांना कर्ज देऊ, मग तुम्हाला!" मांडव हसला. मीही हसले. कडेला फायली धरून उभ्या असलेल्या बाईला दुसरं काय करता येतं? तेवढ्यात कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि मला खरोखरच एका लाल स्कूटरवर बसवलं. फायली कोणीतरी काढून घेतल्या, हातात थर्माकोलची हातभर किल्ली दिली. किल्लीला चमकी लावलेली, ती साडीला लागली आणि पुढच्या दोन धुण्यांत निघाली नाही. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, थोडा आनंद." दिला.

मेळावा आटोपल्यावर ती लाल गाडी डीलरच्या टेम्पोत चढली. मी बोळातून सायकल काढली, तर कॅरिअरवर कोणीतरी वडापावचे कागद ठेवून गेलेलं. घरी आले, कोणाला काही बोलले नाही. दोन दिवसांनी फोटो पेपरात. खाली ओळ: दुचाकीची किल्ली स्वीकारताना महिला लाभार्थी.

इथपर्यंतचं सगळं मी एव्हाना विनोद म्हणून सांगायला शिकले असते. पण पेपर गावखडीला जातो, आणि तिथे माझी आई आहे. तिला वाचता येत नाही. शेजारच्या पोराने फोटो दाखवला. संध्याकाळी फोन आला, "बरा झाला गो बाय, सुटलीस एकदाची." मी काही बोलायच्या आत पुढचं, "शिमग्याला गाडी घेऊन ये. मना मागं बसव नि पालखी बघायला ने. आता चालवत नाय."

माझी आई मागणारी बाई नव्हे. आम्हा भावंडांकडे तिने कधी साडीसुद्धा मागितली नाही, आणलेली परत पाठवते. म्हणून मी तिला लगेच सांगितलं, की गाडी माझी नाही, तो नुसता फोटो. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "मग फोटू कशाला काढलास?"

मी काढला नव्हता, मला बसवलं होतं, हे तिला कसं सांगायचं? सांगितलंही असतं, तर तिने विचारलं असतं, उतरलीस का नाही. संचालक, मांडव, नोकरी, सगळी कारणं माझ्याकडे तयार आहेत आणि त्यांतलं एकही तिच्यापुढे उभं राहात नाही.

शिमग्याला मी रिक्षा केली. आई मागे बसली, मी शेजारी. पालखी बघितली, नारळ दिला, ती खुशीत होती. येताना रिक्षावाल्याने ओळख काढली, "या त्याच ना, पेपरातल्या?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "व्हय. हिची गाडी दुरुस्तीला दिलीय." कात्रण तिच्या घरी कॅलेंडरच्या खिळ्याला अजून लटकतंय. मी काढलं नाही. मागे कोणी बसत नाही म्हणून सायकल माझी, असं वर एवढ्या ऐटीत लिहिलंय ना, ते आई वाचणार नाही म्हणून लिहिता आलं.

त्यानंतर मी माझा स्वतःचा कर्जमागणी अर्ज भरला. जामीनदार मिळाले, कोटेशन जोडलं. सही सोडून सगळं पूर्ण आहे आणि माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. कोटेशनची मुदत संपते, मी नवं आणते, किंमत वाढलेली असते. ह्यांना विचारलं तर म्हणतात, तुझं तू बघ. मग सकाळ होते, घाटी उतरते, पुलावर वारा उजव्या कानात शिरतो आणि अर्ज पुढच्या आठवड्यावर जातो. एखाद्या आठवड्यात मी सही करेनही. लाल रंगाची घेणार नाही, एवढं नक्की.

"मग बॅटरीची सायकल घे की" म्हणणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं, की तिच्या कॅरिअरवर सत्तरी ओलांडलेली बाई पाय एका बाजूला सोडून बसू शकते का.

पुढे कोणाला विचारायचंच असेल, तर राजिवड्याच्या चढावर गाडी हळू करून बाजूने विचारू नका. तिथे मला दम लागलेला असतो आणि उत्तर वाकडं येतं. संध्याकाळी मासे घेताना विचारा. फक्त हळू आवाजात. मला बरा पगार आहे हे त्या बाईच्या कानावर जाता कामा नये.