दादरचा डेक आणि खालचा नाला

आज संध्याकाळी आईला घेऊन चैत्यभूमीला गेले. दर्शन झाल्यावर शेजारच्या माता रमाबाई आंबेडकर स्मृती व्ह्यूइंग डेकवर बसलो. 2022 मध्ये तो खुला झाला. समोर सी लिंक, भन्नाट वारा, बाकांवर आजीआजोबा. आई कठड्याला धरून कितीतरी वेळ नुसती उभी होती.

हा डेक पावसाळी नाल्याच्या तोंडावर बांधलाय. पालिकेच्या भाषेत पातमुख. ओहोटी होती, म्हणून वाकून पाहिलं. काळपट पाण्याची धार वाळू कापत समुद्राकडे चाललेली, तिच्यात झेंडूचं एक फूल आणि वेफर्सचं पाकीट अडकलेलं. वाऱ्याची दिशा बदलली की वासही येतो. पाऊस नसतानाही पावसाळी नाला वाहतो, म्हणजे कुठूनतरी सांडपाणी त्यात येतंच. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की हीच पातमुखं तुंबतात, आणि पाणी आपल्या गल्लीत चढतं.

पूर्वी इथे नाक दाबून पुढे सटकायचो. आज तासभर बसलो. जागा खरंच छान केलीय, मनापासून सांगते. आता खालचं पाणीही स्वच्छ व्हायला हवं.

निघताना आई म्हणाली, "पुढच्या रविवारी मावशीलाही आणू गं."