फोंड्यातल्या बाथरूममधली वाफ

फोंड्यातल्या एका फ्लॅटमधून आषाढात फोन आला. बाथरूमच्या छताला काळे डाग. दोनदा रंग झाला, बुरशीरोधक प्रायमरही मारला, तरी महिन्याभरात डाग परत. "भाऊ, पंखा काढून मोठा घाला. चवथीला पाहुणे येतील," काकी म्हणाल्या.

बाथरूम आतल्या बाजूचं, बिनखिडकीचं. 5 बाय 8 फूट, उंची साडेआठ, म्हणजे 340 घनफूट. तासाला आठ वेळा हवा बदलायची तर मिनिटाला 45 घनफूट, म्हणजेच ताशी साधारण 77 घनमीटर हवा बाहेर जायला हवी. बसवलेला 4 इंची पंखा ताशी 95 घनमीटरचा. हिशेबात तो कमी पडत नव्हता, म्हणून आधी टिश्यू पेपरचा तुकडा जाळीला लावला. पंखा चालू असताना कागद जाळीला चिकटून राहायला हवा. तो खाली पडला.

जिप्समच्या फॉल्स सीलिंगचा चौकोन कापून वर टॉर्च मारली. पंख्याचा फ्लेक्स पाइप, म्हणजे वळ्यांची लवचीक नळी, दीड फुटावरच संपत होता. बाहेरच्या भिंतीवर जाळी छान बसवलेली, पण तिच्यामागे भोकच नव्हतं. अंघोळीची सगळी वाफ स्लॅब आणि जिप्सम यांच्यातल्या नऊ इंचांत कोंडत होती. फ्लेक्सच्या झोळात पाणी साचलेलं, आणि जिप्समच्या वरच्या बाजूचा कागद ओल्या पुठ्ठ्यासारखा हातात येत होता. ओल वरून येत असताना खालून रंग कितीही लावला तरी टिकणार कसा? असं काम झाकून ठेवणाऱ्याचा मला मनापासून राग येतो, कारण त्याचा भुर्दंड घरच्यांना पडतो.

बाहेरची भिंत 7 फुटांवर, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिऱ्यावर छिन्नी चालवली की कडा ढासळतात आणि त्याच वाटेने पावसाचं पाणी आत शिरतं, म्हणून कोअर कटरने साडेचार इंची भोक पाडलं. फ्लेक्स काढून 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकला. फ्लेक्सच्या वळ्या हवा अडवतात, आणि तो नीट ताणलेला नसेल, दोन ठिकाणी वाकला असेल, तर छोट्या पंख्याची हवा निम्म्याहून खाली येऊ शकते. खोक्यावरचा आकडा सहसा पाइप न जोडता मोजलेला असतो. साधा पात्यांचा पंखा थेट भिंतीत बसवायला ठीक. एवढ्या लांब पाइपला मिक्स्ड-फ्लो इनलाइन पंखा हवा, म्हणजे पाइपच्या मधेच बसणारा आणि अडथळ्यातूनही हवा ढकलणारा. तोच घातला. पाइपला बाहेरच्या अंगाला दीड इंच उतार दिला, म्हणजे आत जमलेलं पाणी मोटरकडे न येता बाहेर ठिबकतं. तोंडाला खाली वळलेलं टोपण आणि मोठ्या भोकांची जाळी लावली, कारण मच्छरदाणीची बारीक जाळी धुळीने बुजते. खाऱ्या, दमट हवेत साधे स्क्रू गंजतात, म्हणून सगळे स्टेनलेसचे.

पुन्हा कागद लावला. दार उघडं असताना घट्ट चिकटला, दार लावताच सैल पडून लोंबू लागला. दाराखाली रबरी पट्टी होती, त्यामुळे आत हवा यायला वाटच नव्हती. 4 इंची पाइपचं तोंड साडेबारा चौरस इंचांचं. निदान तेवढी फट दाराखाली हवी. 28 इंची दाराखाली पाऊण इंच सोडलं की 21 चौरस इंच मिळतात. पट्टी काढली, दार तासलं. पाणी अडवायला उंबरा आहेच.

पंखा लाइटच्याच बटणावर होता, अंघोळ संपली की दोन्ही बंद. त्याला वेगळं बटण आणि 20 मिनिटांचा टायमर दिला, दोन्ही बाथरूमच्या बाहेर. पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट असते, त्यामुळे पंखा वाफ काढेल, पण भिंतींवरचं पाणी लवकर वाळवणार नाही. ते वायपरने ओढून टाकायचं, एवढं काकींना आवर्जून सांगितलं.

भिजलेलं जिप्सम पुसून वापरता येत नाही. ते सगळं काढून टाकलं. त्या जागी पीव्हीसी पॅनेल बसवायचं ठरलं. चवथीआधी बाजूच्या भिंती आणि स्लॅब तरी रंगवून घेऊ, असा काकींचा आग्रह होता. स्लॅब वाळला का ते पाहायला मी त्याला फूटभर प्लॅस्टिक चारही कडांना टेपने चिकटवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आतून थेंब लोंबत होते. काकींनी ते बोट लावून पाहिलं आणि रंगाचे डबे पुन्हा माळ्यावर टाकायला सांगितले.