गांडुळांना किती घालायचं?

‘गांडुळं रोज स्वतःच्या वजनाच्या निम्मं खातात’ एवढं वाचून मी घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायला गांडुळांचा डबा सुरू केला. अर्धा किलो गांडुळं, म्हणजे दिवसाला पाव किलो भाजी-फळांची सालं. वजनकाट्यावर तोलून रोज डब्यात टाकत होते. हे गणित रुळलेल्या डब्याचं असतं, नव्या डब्यात त्यापेक्षा बरंच कमी घालून सुरुवात करायची असते, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

दहाव्या दिवशी झाकण उघडलं आणि आंबूस वासाचा भपकारा आला. गांडुळं कडांवर चढून झाकणाखाली गोळा झाली होती. सालांच्या ढिगात हात घातला तर आत चक्क गरम लागलं. काळजात चर्र झालं. गांडूळ कातडीने श्वास घेतं. कुजण्याच्या उष्णतेत आणि साचलेल्या आंबटपणात ती मुकी जित्राबं जाणार तरी कुठे?

न कुजलेलं सगळं त्याच दिवशी काढून टाकलं. पुठ्ठा बोटभर तुकडे करून भरपूर मिसळला, झाकण किंचित उघडं ठेवलं आणि दोन आठवडे काहीच घातलं नाही. उपाशी ठेवल्यासारखं वाटून जीव खालीवर व्हायचा, पण पुठ्ठा आणि कागदसुद्धा ती खातातच. चौथ्या दिवशी कडांवर एकही दिसेना.

मग कळलं की गांडुळाला दात नसतात. ताजं, कडक साल त्याच्या कामाचं नाही. आधी जिवाणू आणि बुरशी त्यावर बसतात, ते मऊ पडतं, आणि गांडूळ त्या जिवाणूंसकट ते खातं. म्हणून आता सालं बारीक चिरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवते. बर्फाने पेशी फुटतात, आणि बाहेर काढून बर्फ वितळल्यावर लगदा होतो. तो डब्याच्या एकाच कोपऱ्यात खड्डा करून घालते, वर दोन बोटं जाडीचा फाडलेला कागद. उघडं राहिलं की चिलटं आलीच. कोणता कोपरा झाला ते कळावं म्हणून तिथे कडेला कपड्यांचा चिमटा लावते. पुढचा खाऊ पुढच्या कोपऱ्यात, पण मागच्या कोपऱ्यातलं साल ओळखू येईनासं झाल्यावरच. वजनकाटा कधीच उचलून ठेवलाय.

लिंबू-संत्र्याची सालं, कांदा, लसूण टाळते. मीठ-तेलाचं शिजवलेलं, दुधाचं, मांसाचं तर अजिबातच नाही. अंड्याची टरफलं मात्र धुऊन, वाळवून, मिक्सरमधून पूड करून चिमूट-चिमूट भुरभुरते. गांडुळाच्या पोटात अन्न बारीक कणांनी दळलं जातं, त्याला ती पूड लागते, शिवाय आंबटपणाही उतरतो. ओल मुठीत दाबून बघते: एखाददुसरा थेंब आला की बास. धार लागली तर आणखी पुठ्ठा.

तिसऱ्या महिन्यात केळ्याचं एक साल उचललं. खाली गांडुळांचा गुंताच होता, दोऱ्याच्या गुंडीसारखा, आणि मोहरीपेक्षा जरासे मोठे, लिंबासारख्या घाटाचे पिवळसर कोष, म्हणजे गांडुळांची अंडी असलेल्या पिशव्या, चिकटलेले. एकेका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात. साल अलगद जागेवर ठेवलं, कागद ओढून घेतला. त्या कोपऱ्यातला चिमटा मी पंधरा दिवस हलवला नाही.