अनुभवी अकाउंटंटची नोकरीची शोधाशोध

वागळे इस्टेटमधील ज्या कंपनीचे अकाउंट्स मी सांभाळत होते, तिचा कारखाना वापीला हलला आणि त्यापाठोपाठ हिशेबाचे कामही तिकडे गेले. घर ठाण्यात असल्यामुळे मला जाणे शक्य नव्हते. व्हॅट आणि एक्साइज या जुन्या करांच्या काळापासून काम केलेल्या, १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा जुन्या साठ्यावरचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, नव्या पद्धतीत आणलेल्या माणसाला ठाणे ते बेलापूर या पट्ट्यात काम मिळायला अडचण येणार नाही, असे सगळेच म्हणत होते.

नोकरीच्या संकेतस्थळावरच्या अर्जात सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पीरियड आणि सॉफ्टवेअरची नावे एवढेच विचारलेले असते. पुरवठादाराने जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे विवरणपत्र, वेळेत भरला नाही म्हणून आपल्या २बीमध्ये (पोर्टलवर आपोआप तयार होणारा खरेदीवरच्या क्रेडिटचा तक्ता) न दिसणारे बिल शोधून काढणे आणि त्याच्या मागे लागून ते क्रेडिट सोडवणे, किंवा सूक्ष्म आणि लघू उद्योगांची देणी लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत चुकती होतात की नाही यावर लक्ष ठेवणे, हे लिहायला त्यात जागा नसते. फोनवर येणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असे, "मॅडम, सॅप येतं का?" सॅप हे मोठ्या कंपन्यांत चालणारे सॉफ्टवेअर; माझे काम टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर झालेले असल्याने बोलणे तिथेच संपत असे.

त्यातून पुढे गेले तर वय आणि पगार आडवे येत. "तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात" हे वाक्य ऐकायला सभ्य वाटते, पण त्याचा अर्थ तुम्ही महाग आहात एवढाच असतो. छोट्या मालकाचे गणित मी समजू शकते: नोंदी करायला नुकताच बी.कॉम. झालेला मुलगा आणि विवरणपत्रांसाठी बाहेरचा सीए, एवढ्यावर त्याचे भागते. मग जाहिरातीत दहा ते पंधरा वर्षांचा अनुभव कशासाठी मागायचा, हे मात्र मला अजून कळलेले नाही.

महापेतील एका मुलाखतीचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. ट्रान्सहार्बरच्या लोकलने कोपरखैरणे आणि तिथून रिक्षा करून पोहोचल्यावर आधी लेखी चाचणी झाली. व्यावसायिक शुल्क १,००,००० रुपये, त्यावर जीएसटी १८,००० रुपये आणि टीडीएस (पैसे देतानाच कापून घ्यायचा प्राप्तिकर) १० टक्के, तर सल्लागाराला किती रक्कम द्यायची, असा एक प्रश्न होता. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा, असे प्राप्तिकर खात्याचे २०१७चे परिपत्रक आहे, त्यामुळे मी १,०८,००० लिहिले. उत्तरपत्रिकेत १,०६,२०० होते, म्हणजे कर पूर्ण १,१८,०००वर कापलेला होता. तपासणारी एचआरमधली मुलगी चांगली होती, पण तिच्या हातात फक्त तो कागद होता आणि अकाउंट्समधले कोणी त्या दिवशी कचेरीत नव्हते. परिपत्रकाचा संदर्भ मी त्याच कागदावर लिहून दिला. पुढे फोन आला नाही.

काम अखेर मिळाले ते संकेतस्थळावरून नव्हे, तर आमच्या जुन्या कंपनीचे ऑडिट करणाऱ्या सीएंच्या शब्दावरून. रबाळ्यात पॅकिंगचे साहित्य बनवणाऱ्या एका कारखान्याचे मालक मला भेटले, तेव्हा त्यांनी माझा बायोडेटा उघडलाही नाही. ३बीमध्ये, म्हणजे कर भरण्याच्या विवरणपत्रात, घेतलेले क्रेडिट आणि २बीतला आकडा यांतील फरक का येतो, असे विचारत त्यांनी खातेवही आणि पोर्टलवरून उतरवलेल्या फायली माझ्यापुढे ठेवल्या. दुपारपर्यंत बराचसा उलगडा झाला. एक पुरवठादार या कारखान्याचा जीएसटी क्रमांक न टाकता बिले किरकोळ विक्रीत दाखवत होता, त्यामुळे ती २बीत येणे शक्यच नव्हते. त्याला दुरुस्ती कोणत्या तक्त्यात करायची हे फोनवर सांगितल्यानंतर मालकांनी पगाराचा विषय काढला.

ठरलेला पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. मार्चची खाती बंद झाल्यावर त्याचा फेरविचार होईल असे ते तोंडी म्हणाले, तेव्हा ते वाक्य नियुक्तीपत्रात घालावे अशी विनंती मी केली, आणि पत्र तसे बदलून आल्यावरच सही केली.